यूकेला पोरं पाठवताना काउन्सिल टॅक्सचं तेवढं बघून घ्या

बँकेतून निवृत्त झाले तरी शैक्षणिक कर्जाच्या फायली काही सुटल्या नाहीत. नागपूरच्या प्रतापनगरात राहते, त्यामुळे आसपासचे आईवडील संध्याकाळी फाईल घेऊन येतात, "मॅडम, एवढं जरा बघून द्या ना." मी आवडीनं बघते. खर्चाच्या तक्त्यात फी असते, तिकीट असतं, व्हिसासोबत भरायच्या हेल्थ सरचार्जचे वर्षाला ७७६ पौंड असतात, भाडं, किराणा, अगदी थंडीचे कपडेसुद्धा असतात. काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरटॅक्सचं, नाव मात्र क्वचितच दिसतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला हा कर बहुतेक वेळा लागत नाही हे खरंच आहे. पण "लागत नाही" एवढंच ऐकून पोरं जातात आणि मग घरी कोर्टाच्या समन्सची भीती घालणारं पत्र येतं.

आपल्याकडे घरटॅक्स मालकाच्या नावानं येतो. बजाजनगर, गोपालनगर, अभ्यंकरनगरात भाड्यानं राहणाऱ्या पोरांनी मनपाची डिमांड कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. मालक ती भाड्यात धरतो, विषय संपला. ब्रिटनमध्ये हा कर राहणाऱ्याकडून घेतात. भाडेकरू असला तरी बिल त्याच्या नावानं. कचरा, पोलीस, अग्निशमन, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, या सगळ्याचा वाटा त्यातून जातो. इंग्लंडमध्ये घराची १ एप्रिल १९९१ ची किंमत धरून ए ते एच असे आठ पट्टे केलेत, अजूनही तेच चालतात. २०२५-२६ मध्ये डी पट्ट्याच्या घराचा सरासरी कर २२८० पौंड होता. म्हणजे आपले अडीच लाखांहून जास्त. ए पट्ट्यातल्या घराला त्याचा दोन तृतीयांश पडतो, तरी कर्जावर शिकणाऱ्याला ती रक्कम लहान नाही.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. तो आणि त्याच्याच एमएस्सीचा एक मुलगा, आणि तिसरा आधीच्या वर्षी शिकून नोकरीला लागलेला. तिघांनी मिळून घर भाड्यानं घेतलं. काही आठवड्यांनी त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: खिडकीचं पाकीट, आत बिल, वर तिघांची नावं आणि पूर्ण वर्षाचा हिशोब. खाली मेसेज, "मावशी, आम्ही भाडं देऊन राहिलो ना, मग हे कायचं?"

मी त्याला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि बिलाची एकेक ओळ वाचायला लावली. पहिली गोष्ट त्याच्या गळी उतरवली ती अशी, की पूर्ण माफी घराला मिळते. घरात राहणारा अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर घर करमुक्त. एक जण जरी नोकरी करणारा निघाला, की माफी गेली. विद्यार्थ्यांना मोजणीतून वगळतात, मोजणीत एकच माणूस उरतो आणि बिलावर २५ टक्के सूट मिळते. दोन नोकरदार असतील तर तीही नाही. पण म्हणून विद्यार्थ्याकडून वसुली होते का? इंग्लंडमध्ये तरी नाही. भाडेकरारावर तिघांच्या सह्या असल्या तरी, घरात नोकरदार राहत असेल तर कर भरण्याची जबाबदारी त्याची, विद्यार्थ्याची नाही.

मग तिघांची नावं का आली? कारण दोघांनी विद्यापीठाचं पत्र स्थानिक काउन्सिलला, म्हणजे तिथल्या मनपाला, दिलंच नव्हतं. विद्यापीठाच्या पोर्टलवर हे पत्र दहा मिनिटांत निघतं, त्यावर कोर्स सुरू कधी, संपणार कधी ते असतं. काही ठिकाणी विद्यापीठ स्वतःच यादी पाठवतं, पण त्या भरवशावर बसू नये. पत्र गेलं, बिल बदलून आलं, दोन नावं निघाली, तिसऱ्याला सूट मिळाली.

खरं अवघड पुढे होतं. तिसरा म्हणाला, लाईटबिल तिघांत वाटतो, हेही वाटू. कायदा विद्यार्थ्यांच्या बाजूचा, पण एका घरात, एका स्वयंपाकघरात राहायचं असतं. तो मुलगाही काही गलेलठ्ठ पगार घेत नव्हता, घरी पैसे पाठवत होता. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, फक्त ते घर घेण्याआधी बोलायला हवं होतं. शेवटी त्यांनी भाड्यात थोडं इकडेतिकडे करून जुळवलं. मी आता प्रत्येक पोराला विचारते: घरात कोण कोण राहणार? कोणाचा कोर्स कोणत्या महिन्यात संपतो? मालक खोल्या वेगवेगळ्या करारानं देतो का? तसं असेल तर कर सहसा मालकाकडे असतो, आणि विद्यापीठाच्या हॉस्टेलवर असाल तर काळजीच नाही, ती इमारतच माफ.

पूर्णवेळ म्हणजे काय, हेही लिहून ठेवलेलं आहे: कोर्स किमान एक वर्षाचा, वर्षात किमान २४ आठवडे, आणि आठवड्याला सरासरी २१ तास अभ्यास. अर्धवेळवाल्यांना हे मिळत नाही. उत्तर आयर्लंडला जाणाऱ्यांसाठी वेगळं, तिथे काउन्सिल टॅक्स नाही, 'रेट्स' आहेत.

ही माफी काही कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. आधी तिथे पोल टॅक्स होता, माणशी कर. स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० पासून. त्यात पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही २० टक्के भरावे लागायचे. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, दंगल झाली, वर्ष संपायच्या आत पंतप्रधान मार्गारेट थॅचर पायउतार झाल्या. त्याचं एकच कारण नव्हतं, पण हा कर त्यात होताच. १९९३ मध्ये काउन्सिल टॅक्स आला तो विद्यार्थ्यांना वगळूनच. ज्याची अजून कमाई नाही त्याच्याकडून गावाचा खर्च मागू नये, हे मला अगदी पटतं. आपल्या घरटॅक्सच्या बिलात १९६२ च्या कायद्यानं आलेला शिक्षण उपकर असतो. शिक्षणाच्या नावानं आपण सगळे भरतो. शिकणाऱ्याच्या भाड्याच्या खोलीला मात्र त्यात माफी नाही. पण नागपुरात उद्या अशी माफी दिली तरी बिल मालकाचं, म्हणून फायदाही मालकाच्याच खिशात राहील. भाडं उतरेल याची खात्री कोण देणार?

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती कोर्स संपल्यावर. एक वर्षाचा मास्टर्स सप्टेंबरमध्ये संपतो, व्हिसा मात्र जानेवारीपर्यंत असतो. आईवडील म्हणतात, व्हिसा आहे म्हणजे विद्यार्थीच आहे. तसं नाही. पत्रावरची कोर्सची शेवटची तारीख गेली की माफी संपली, नोकरी लागलेली असो वा नसो. म्हणून मी कर्जाच्या तक्त्यात त्या नोकरी शोधायच्या महिन्यांसाठी काउन्सिल टॅक्स धरायला सांगते. आणि बिल आलं तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, त्यात सात दिवस असतात, नाही भरलं तर उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम मागता येते आणि पुढे मॅजिस्ट्रेटचं समन्स. चुकीचं बिल असलं तरी हे चक्र थांबत नाही, त्यामुळे लगेच लिहून कळवायचं आणि त्याची प्रत ठेवायची.

व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही असं लिहिलेलं असतं, त्याची पोरांना फार धास्ती. एका मुलीनं त्या भीतीनं माफीच मागितली नव्हती. विद्यार्थ्याची माफी आणि एकट्या राहणाऱ्याची २५ टक्के सूट त्या बंदीत येत नाही, बिनधास्त मागा. उत्पन्न कमी म्हणून मिळणारं 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' मात्र येतं. वेबसाइटवर दोन्ही फॉर्म जवळजवळ असतात, नावंही सारखी वाटतात. तो दुसरा फॉर्म कोणी कितीही सांगितलं तरी भरू नका.