पगार किती, हे एकमेकींना सांगूया

माझे बाबा पोस्टात होते. क्वार्टर्समध्ये कुणाला किती पगार हे सगळ्यांना माहिती असायचं, डीए वाढला की बायका जिन्यातच हिशोब करायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. आजही पोस्टल असिस्टंट म्हणजे सातव्या वेतन आयोगात लेव्हल 4, बेसिक 25,500 पासून, नेटवर कुणीही बघावं.

आणि मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीच्या फ्लॅटचा ईएमआय मला माहिती, सासूबाईंच्या ऑपरेशनला किती लागले तेही माहिती, पण सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, सात वर्षांत कधी विचारला नाही. ऑफर लेटरमध्येच गोपनीय म्हणून लिहिलेलं असतं ना.

मागच्या एप्रिलमध्ये अप्रेझलनंतर टपरीवर टीममधला नवीन मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी ज्युनिअर, काम मीच शिकवलेलं, बोलता बोलता म्हणाला की तो 11 लाखांवर जॉइन झालाय. मला हाईक धरून 8.40. आधी त्याचाच राग आला, खरं सांगते. पण त्याने स्वतःहून फोनवर ऑफर लेटर उघडून दाखवलं, म्हणाला ताई, तुम्ही बोला वर.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला माझा आकडा आधी सांगितला. तोंडातून निघेना, जणू काही चोरी केलीये. तिचा 7.90, नऊ वर्षं झाल्यावर. मॅटर्निटी लीव्हच्या वर्षी तिला रेटिंगच मिळालं नव्हतं, आणि हाईक टक्क्यांत असते त्यामुळे तेव्हा पडलेली फट दरवर्षी वाढतच गेली, वर दुसरीकडे जायचं तर तिथे जुनी सॅलरी स्लिप मागतात, म्हणजे फट सोबतच येते.

समान कामाला समान पगार हा कायदा आपल्याकडे 1976 मध्येच आला हो, पण दुसऱ्याचा आकडाच माहीत नसेल तर तक्रार कशाची करणार? अमेरिकेत लिली लेडबेटर टायरच्या कारखान्यात 1979 पासून सुपरवायझर होत्या, 1998 मध्ये कुणीतरी नाव न लिहिता चिठ्ठी ठेवली तेव्हा कळलं, त्यांना महिन्याला 3,727 डॉलर आणि त्याच कामाला सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषालाही 4,286. कोर्टात गेल्या तर 2007 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, पगार ठरल्यापासून 180 दिवसांत यायला हवं होतं. ज्या बाईला माहितीच नव्हतं तिने 180 दिवसांत कसं यायचं! पुढे 2009 मध्ये तिकडे त्यांच्या नावाने कायदा बदलला.

मी मॅनेजरकडे गेले. पहिला प्रश्न, "हे आकडे तुला कुणी सांगितले?" फरक का आहे यावर एक शब्द नाही. मी नाव सांगितलं नाही, माझ्या कामाची यादी पुढे ठेवली, तीनदा मागे लागले, ऑक्टोबरमध्ये 1.20 लाखांचं करेक्शन आलं.

मैत्रिणीला अजून काही नाही. शुक्रवारी तिची मीटिंग आहे, आज डब्यानंतर आम्ही दोघी तिची नऊ वर्षांची लेटर्स काढून बसलो होतो.