रोहित पक्ष्यांचा पट : राखाडी मॅटी बाद, कापडाची निवड पुन्हा पहिल्यापासून

मागच्या नोंदीत मी खात्रीने लिहिले होते की, ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या, फुलीच्या टाक्यांनी (क्रॉस-स्टिच) भरायच्या पटासाठी राखाडी मॅटी हे भोके मोजून भरण्याचे कापड ठरले असून पहिला पक्षी निम्म्याहून अधिक भरून झाला आहे. तो पक्षी मंगळवारी पूर्ण झाला. चौकटी आखलेल्या पेनाच्या खुणा काढण्यासाठी बुधवारी मी कापड गार पाण्यात धुतले आणि गुरुवारी सकाळी वाळलेला तुकडा हातात घेताच दिसले की, पक्ष्याची मान आखूड झाली आहे. अकरा दिवसांचे काम होते. फार वाईट वाटले.

मॅटी का घेतली होती, हे नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. या पटात फक्त पक्षी, त्यांचे प्रतिबिंब आणि कोपऱ्यातला गोल सूर्य भरायचा आहे. बाकीचे कापड रिकामेच राहणार असल्यामुळे कापडाचा रंग हाच ओहोटीचा चिखल आणि हेच पाणी. तयार आलेखांत (टाके मोजून भरायच्या नमुन्यांत) रोहितांमागे निळेशार पाणी दाखवतात, ते मला मुळीच पटत नाही. ऐरोलीच्या बाजूने ओहोटीच्या वेळी खाडी पाहिली, तर ती राखाडी आणि किंचित तपकिरी दिसते, आणि म्हणून तर तो गुलाबी रंग लांबूनही डोळ्यांत भरतो. आपल्याकडच्या दुकानांत चौदा काउंटचा, म्हणजे इंचाला चौदा टाके बसणारा, आयडा (फुलीच्या टाक्यांसाठीचे चौकोनी विणीचे कापड) मिळतो तो बहुधा पांढरा किंवा मोतिया. हवी तशी राखाडी छटा मला फक्त मॅटीत सापडली, आणि रंगावर भाळून मी कापडाचे माप नीट घेतले नाही.

चूक नेमकी कुठे झाली ते आता मोजून पाहिले आहे. दुकानात मी एकाच इंचावर पट्टी ठेवून भोके मोजली आणि दोन्ही बाजूंनी चौदा आली. एका इंचात अर्ध्या भोकाचा फरक डोळ्यांना कळत नाही. घरी उरलेल्या कोऱ्या तुकड्यावर पाच इंचांच्या अंतरावर टाचण्या लावून मोजले, तेव्हा पन्ह्याच्या दिशेने सत्तर भोके भरली, पण किनारीला समांतर मोजताना त्र्याहत्तर. तोच तुकडा धुऊन वाळवल्यावर पन्ह्याकडचा आकडा सत्तरच राहिला आणि दुसरा सत्त्याहत्तरवर गेला. मागावर ताण सोसलेले ताण्याचे (किनारीला समांतर जाणारे) धागे खळ निघताच आखडले. माझा आलेख २१० बाय १५४ टाक्यांचा आहे. चौदा काउंटवर तो पंधरा बाय अकरा इंच यायला हवा. या कापडावर तो पंधरा बाय दहा आला असता. एक पूर्ण इंच उंची गेल्यावर रोहित हा रोहित राहत नाही.

शेजारच्या काकू धारवाडच्या आहेत आणि कसुती हे तिकडचे भरतकाम करतात. त्या कापडावर कोणतीही रेघ न मारता केवळ धागे मोजून गोपुर भरतात. तुकडा हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला सुई लावायचीच नाही.”

कापड नव्वद अंशांत फिरवून घ्यावे, हा विचार दोन दिवस मनात होता. तसे केल्यास पक्षी उंच आणि सडपातळ होतात, आणि रोहितांना ते शोभलेही असते; पण सूर्य लंबगोल होतो. सूर्य काढून टाकायला मन तयार नाही.

दुसरी अडचण मानेच्या वळणाची. तिथे आणि चोचीजवळ पाऊण टाके (अपुऱ्या फुल्या) बरेच आहेत. आयडावर पाऊण टाक्यासाठी विणीच्या घट्ट चौकोनाच्या मधोमध सुई टोचावी लागते आणि ती दर वेळी नेमकी मध्यावर बसत नाही. अठ्ठावीस काउंटच्या इव्हनवीव्हवर (दोन्ही दिशांना इंचाला सारखेच धागे असलेल्या कापडावर) दोन धाग्यांवरून टाका घेतला, की आकार चौदा काउंटचाच राहतो आणि मध्ये भोक आयतेच मिळते. म्हणून झ्वाइगार्ट कंपनीच्या ब्रिटनी या इव्हनवीव्ह कापडाचा पांढरा तुकडा मागवला. महाग आहे, पण पट वर्षभर चालणार असेल तर कापडात काटकसर करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पांढऱ्याला राखाडी कसे करायचे? चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर छटा आणायचे ठरवून ही नोंद लिहायला बसले होते. लिहिता लिहिताच हिरडा आठवला. हिरड्यातले टॅनिन आणि लोह एकत्र आले, की राखाडी ते काळा रंग धरतो. नैसर्गिक रंगकामातली ही जुनी रीत आहे. नोंद तशीच ठेवून बाजारपेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडापूड आणि हिराकस (लोहाचा क्षार) घेऊन आले.

रविवारी सकाळची भर : सहा इंचांचे दोन तुकडे आधी गरम पाण्यात धुऊन रात्रभर गाळलेल्या हिरड्याच्या काढ्यात ठेवले होते. पहिला तुकडा हिराकसाच्या पाण्यात बुडवताच पिवळट कापड माझ्या डोळ्यांदेखत पाटीसारखे काळपट झाले. हिराकस जास्त पडले होते. लोह जास्त झाले तर पुढे धागाही कमकुवत होतो, त्यामुळे तो तुकडा बाजूला ठेवला. दुसऱ्यासाठी हिराकस चौथाईवर आणले, कापड सतत हलवत राहिले आणि लगेच स्वच्छ पाण्यात काढले. वाळल्यावर खिडकीपाशी नेऊन त्यावर डीएमसी दोऱ्याच्या ७६०, ७६१ आणि ३७१३ या गुलाबी छटांच्या लडी ठेवल्या. ७६० उठून दिसला. रंग थोडा ढगाळ, कमी-जास्त धरला आहे आणि चिखलाला तेच हवे होते. मग टाचण्या लावल्या. चार इंचांत एकीकडे ११२ धागे, दुसरीकडे ११३. तो आकडा मी तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आनंद झाला.

सर्वांत फिकट ३७१३ मात्र त्रास देणार आहे. राखाडीवर दोन पदरी टाक्यातून खालचे कापड डोकावते, तर तीन पदरांनी मानेचे पाऊण टाके जाड होतात. सव्वीस नंबरच्या सुईने दोन्ही पदर शेजारी शेजारी सपाट बसवले, तेव्हा दहा टाक्यांच्या चौकोनात झाकण बरेच सुधारले. पंखांच्या मोठ्या भागात तीन आणि मानेत दोन पदर ठेवावेत की सगळीकडे दोनच, हे मोठ्या नमुन्यावर पाहावे लागेल.

चारी बाजूंना तीन इंच सोडून एकवीस बाय सतरा इंचांचा तुकडा पुरला असता, पण रंगवताना आखडेल म्हणून मी चोवीस बाय वीसचा कापणार आहे. त्याच्या कडा शिवून घेतल्या आहेत असे समजू नका. ते काम आज दुपारचे आहे, आणि हिरडा रात्री भिजेल.