ब्लॉसमवर पाऊस-बहराची वही: देवनागरी आणि तारखा

निवड पक्की झाली. पाऊस आणि झाडांचा बहर यांच्या नोंदी वेबवर ठेवण्यासाठी ब्लॉसम (Blosxom) हे छोटं ब्लॉग-इंजिनच वापरायचं, आणि तीही राएल डॉर्नफेस्ट यांची २००३ सालची २.० आवृत्ती. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली एकच स्क्रिप्ट, पाचशेपेक्षा कमी ओळी, डेटाबेस नाही. एका बैठकीत सगळी वाचून होते. मला तेच हवं होतं: उद्या काही अडलं तर कुणाची वाट न बघता आपल्यालाच आत डोकावता यावं.

मांडणी फार थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाहीच. एका फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइली. पहिली ओळ शीर्षक, बाकीचा मजकूर. पोटफोल्डर म्हणजे विभाग. पत्त्यात विभागाचं नाव दिलं की तेवढाच विभाग दिसतो, वर्ष आणि महिना दिला की त्या महिन्याच्या नोंदी. स्क्रिप्टच्या वरच्या भागात साइटचं नाव, नोंदींचा फोल्डर आणि एका पानावर किती नोंदी हे भरलं, फाइलला चालवायची परवानगी दिली, की पान उघडतं.

मराठी मजकूर टाकल्यावर पहिल्यांदा अगम्य अक्षरं दिसतील, त्याने घाबरू नका. पान कुठल्या प्रकारचं आहे हे ब्राउझरला सांगणारं हेडर पाठवण्याचं काम ब्लॉसम पर्लच्या सीजीआय मॉड्यूलवर सोपवतं आणि ते मॉड्यूल काही सांगितलं नाही तर आयएसओ-८८५९-१ हे रोमन लिपीपुरतं एन्कोडिंग जाहीर करतं. उपाय एका ओळीचा आहे. नोंदींच्या फोल्डरमध्ये ‘कंटेंट टाइप’ची फ्लेवर फाइल (पान कसं दाखवायचं ते सांगणारी साच्याची फाइल) करायची आणि त्यात टेक्स्ट-एचटीएमएलच्या पुढे कॅरसेट युटीएफ-८ लिहायचं. त्यानंतर जोडाक्षरं, रफार, सगळं जागच्या जागी येतं.

फोल्डरच्या नावांचं प्रकरण जरा खोल आहे. मला विभागांची नावं ‘पाऊस’ आणि ‘बहर’ अशीच हवी होती. पण पत्ता वाचताना २.० आवृत्ती फक्त रोमन अक्षराने सुरू होणारा तुकडा विभाग मानते आणि उरलेले तुकडे अनुक्रमे वर्ष, महिना, दिवस म्हणून घेते. म्हणजे ‘पाऊस’ हे तिच्या लेखी वर्ष! अशा वर्षाची एकही नोंद सापडत नाही आणि कोरं पान येतं. मी ती अट बदलून ‘आकड्याने सुरू न होणारा तुकडा म्हणजे विभाग’ अशी केली. वर्षं आकड्यांतच असतात, त्यामुळे तारखेचे पत्ते पूर्वीसारखेच चालतात. स्क्रिप्टला हात लावायचा नसेल तर फोल्डरचं नाव रोमनमध्ये ठेवून पानावर मराठी नाव दाखवणारं छोटं प्लगिन (ब्लॉसमला जोडायची वेगळी पर्ल फाइल) लिहिता येईल, पण मला पत्तासुद्धा मराठीच हवा होता.

आता मुख्य विषय, तारखा. ब्लॉसममध्ये नोंदीची तारीख म्हणजे फाइल शेवटची बदलल्याची वेळ. ती आणखी कुठेही लिहिलेली नसते. रोजच्या गप्पा लिहिणाऱ्याला हे सोयीचं आहे. शिवाय ‘टच’ कमांडने फाइलला पुढची वेळ दिली, तर ती वेळ येईपर्यंत नोंद दिसत नाही, हेही छान. पण बहराच्या वहीत तारीख हाच खरा ऐवज असतो. बहावा पहिल्यांदा फुललेला दिसला त्या एप्रिलमधल्या दिवसाची नोंद जुलैत एक वेलांटी सुधारायला उघडली, की ती जुलैची होऊन सगळ्यात वर जाऊन बसते. काही वर्षांनी बहर अलीकडे सरकतोय का हे बघायचं असेल तर अशी वही निरुपयोगी.

फाइली हलवतानाही हाच धोका. साध्या ‘सीपी’ कमांडने प्रत काढली की वेळ नवी लागते, ‘पी’ पर्याय द्यावाच लागतो. दोन यंत्रांमधल्या फाइली जुळवणाऱ्या ‘आरसिंक’लाही वेळ जपायला सांगावं लागतं. आणि फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट तर फाइलची वेळ साठवतच नाही, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर क्लोन केलं (पूर्ण प्रत उतरवली) की सगळ्या नोंदी आजच्या.

यावर डॉर्नफेस्ट यांचंच एक प्लगिन आहे, ‘एंट्रीज इंडेक्स’. फाइल पहिल्यांदा दिसली तेव्हाची वेळ ते लक्षात ठेवतं. काम चोख करतं, पण ती यादी वेगळ्या फाइलीत राहते. यादी हरवली की तारखा गेल्या. ज्या इंजिनाची सगळी ताकद ‘तुमच्या फाइली हेच सर्वस्व’ यात आहे, तिथे सर्वात मोलाची माहिती फाइलीबाहेर ठेवणं मला पटत नाही.

म्हणून तारीख फाइलच्या नावातच घातली: आधी वर्ष-महिना-दिवस, मग झाडाचं नाव. ब्लॉसम नोंदी दाखवण्याआधी प्रत्येक प्लगिनच्या ‘फिल्टर’ सबरूटीनला (कोडच्या त्या नावाच्या तुकड्याला) फाइली आणि त्यांच्या वेळा यांची यादी देतं. माझं प्लगिन नावातली तारीख वाचून यादीतली वेळ बदलतं, बस्स. आता कितीही दुरुस्त्या करा, गिटमधून आणा, बहावा एप्रिलमध्येच राहतो. फक्त पुढच्या तारखेची नोंद लपवायची असेल तर ती यादीतून याच प्लगिनमध्ये काढावी लागते, कारण ब्लॉसमची स्वतःची तपासणी खऱ्या वेळेवर आधीच उरकलेली असते.

पावसासाठी याचा आणखी एक फायदा झाला. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा आधीच्या चोवीस तासांचा असतो. मोजण्याची तारीख नावात असल्यामुळे आकडा संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी टाइप केला तरी बिघडत नाही.

तारीख दिसायलाही मराठी हवी होती. वार-महिने मुळात इंग्रजीत येतात. प्लगिनच्या ‘डेट’ सबरूटीनमध्ये महिन्यांची आणि अंकांची दोन छोटी कोष्टकं ठेवली आणि साच्यात त्या प्लगिनचं व्हेरिएबल वापरलं. इथे एक गोष्ट जपा: ब्लॉसम मजकूर बाइट म्हणून वाचतं, त्यामुळे प्लगिनमध्ये ‘यूज युटीएफ-८’ लिहू नका, नाहीतर दोन प्रकारच्या स्ट्रिंग एकत्र येऊन अक्षरं दुहेरी एन्कोड होतात.

परिच्छेदांचे टॅग हाताने घालायचा कंटाळा असेल तर साध्या खुणांवरून एचटीएमएल करणाऱ्या मार्कडाउनची, जॉन ग्रुबर यांची मूळ पर्ल फाइल घ्या. शेवटचं ‘पीएल’ काढून ती प्लगिनच्या फोल्डरमध्ये ठेवली की तीच प्लगिन म्हणून चालते. एखादं प्लगिन तात्पुरतं बंद ठेवायचं तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर द्यायचा. इतकी साधी सोय मी दुसऱ्या कुठल्या इंजिनात पाहिलेली नाही.

पुढचं काम स्थिर पानांचं, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांचं. ब्लॉसमला पासवर्ड देऊन कमांड लाइनवरून चालवलं की ते सगळी पानं लिहून ठेवतं, म्हणजे सर्व्हरवर पर्लचीही गरज उरत नाही. पण त्या वेळी वर्ष-महिन्यांची पानं कोणती करायची हे ‘फिल्टर’च्या आधीच, फाइलच्या खऱ्या वेळेवरून ठरतं. तेव्हा माझं प्लगिन ‘फिल्टर’मधून काढून ‘एंट्रीज’ सबरूटीनमध्ये न्यावं लागणार, जिथे फाइलींची यादी मुळात तयार होते. ‘एंट्रीज इंडेक्स’ही तिथेच काम करतं, त्याचा कोड समोर ठेवून सुरुवात केली आहे. कुणी हे आधी केलं असेल तर तुमचं प्लगिन बघायला मला खरंच आवडेल.