लवंग शेव नंतर

इंदूरच्या माणसाला "शेव नंतर खा" म्हणणं सोपं नाही. तरी गव्हाची बिअर चाखायची असेल तर पहिला अर्धा ग्लास नुसता घ्यावा आणि लवंग शेव तर नजरेआडच ठेवावी, या मतावर मी ठाम आहे.

गेल्या शनिवारी तिलकनगरला आमच्या गच्चीवर नावं दिसू नयेत म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळून आम्ही चाखायला बसलो. बव्हेरियन पद्धतीची वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, ओतली. शेजारचे काका ग्लास हुंगून म्हणाले, "यात केळ्याचा इसेन्स घातलाय." मेहुणा म्हणाला, "भिया, लवंग आहे लवंग! लिहून देतो."

नाकं दोघांचीही खरी. पण कोणी काही घातलेलं नसतं. केळ्याचा वास यीस्टच तयार करतं, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य. लवंगेची गोष्ट मला त्याहून आवडते. गव्हाच्या आणि जवाच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असतं आणि वाइसबिअरचं यीस्ट त्यातून लवंगेच्या वासाचं ४-व्हिनाइलग्वायकॉल काढतं. म्हणजे वासाचं मूळ धान्यातच, यीस्ट फक्त ते बाहेर आणतं. हाच वास पिल्सनरसारख्या दुसऱ्या प्रकारच्या बिअरमध्ये आला तर दोष समजतात, इथे तो हवाच. आता हा वास नाजूक. शेवेतल्या खऱ्या लवंगेचा एक घास घेतला की पुढचे चार घोट त्याचा पत्ता लागत नाही. बर्फासारखी गार बिअरही तेच करते. फ्रिजमधून काढून थोडा वेळ तशीच राहू द्या, ८-१० अंशांवर ती बोलायला लागते.

हे सगळं मला शिकवलं पुतण्यानं. तो लीड्सला असतो, गॅरेजमध्ये बिअर करतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशात परवान्याशिवाय तसं करता येत नाही, म्हणून मी यीस्ट घालायच्या अलीकडेच, म्हणजे दारू होण्याआधीच, थांबतो. माळव्याचा गहू भिजवायचा, मोड आणायचे, मंद आचेवर वाळवायचा, मुळ्या चोळून काढायच्या आणि भरड दळायचा. बाजारातून आणलेलं जवाचं माल्ट, म्हणजे असेच मोड आणून वाळवलेले जव, निम्मं मिसळायचं. मग ६६ अंशांच्या पाण्यात तासभर, पिठाची साखर होईपर्यंत. शेवटी त्यातल्या थेंबभर पाण्यावर आयोडीन टाकून बघायचं, निळंकाळं झालं तर पिठूळपणा अजून शिल्लक आहे. नाही झालं की गाळायचं. जे उतरतं ते इतकं गोड आणि खमंग असतं की मुलं लिंबू पिळून पितात. बाळाला सत्त्व करणाऱ्या आज्या हेच तर करत आल्या!

व्हिडिओ कॉलवर पुतण्याशी वाद असतो तो तापमानाचा. तो म्हणतो, "काका, आधी ४४ अंशांवर वीस मिनिटं थांबायचं, फेरुलिक आम्ल जास्त सुटतं, लवंग वाढते." मेहुण्याचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, थेट ६६ वर न्यावं, यीस्ट चांगलं असलं की झालं. माझा कल पुतण्याकडे आहे. पण नुसत्या बोलण्यानं मेहुणा ऐकणाऱ्यातला नाही. म्हणून ठरलंय, पुढचा घाणा पुतण्या दोन भागांत काढेल, एक ४४ वर थांबून, एक थेट. दिवाळीला दोन्हींची एकेक बाटली आणेल. कागद मी गुंडाळणार.