केबल काढली तरी कॉपी चालूच

सांगलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. दुकान बंद झालं तेव्हा तिथला कॉम्प्युटर घरी आला. त्यात लग्नं, मुंजी, बारशी मिळून ३८० जीबी. विंडोज ७, तेही चार वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारं. मशीन कायमचं बसायच्या आत सगळं माझ्या लॅपटॉपवर घ्यायचं ठरवलं. पेनड्राइव्हच्या फेऱ्या मारण्यापेक्षा दोन्ही मशीनच्या मध्ये सरळ लॅन केबल (नेटवर्कची तार) टाकू म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "ताई, क्रॉस केबल लागेल." म्हणजे एका टोकाला तारांच्या जोड्यांची अदलाबदल केलेली. पूर्वी लागायची. हल्लीचे गिगाबिट पोर्ट (केबल खोचायच्या, सेकंदाला हजार मेगाबिट नेणाऱ्या जागा) कुठली तार कुठे ते आपलं आपण ओळखतात. माळ्यावर एक साधी केबल होती, तीच लावली. दिवे लागले.

पहिला अडथळा पासवर्डचा. बाबांच्या अकाउंटला तो नव्हताच, आणि बिनपासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ठेवायला लावला. "माझ्याच घरात मला कुलूप?" असं म्हणून त्यांनी ठेवला. मग लॅपटॉपवर जुन्या मशीनचं नाव टाकल्याबरोबर फोल्डर उघडला आणि कॉपी सुरू. वेग सेकंदाला चार एमबी. म्हणजे दिवसभर आणि वर दोन तास.

एवढ्यात लेक धावत आला आणि केबलीत पाय अडकून ती मागून निसटली. माझा जीव वर. स्क्रीनवर बघते तर हिरवी पट्टी आपली पुढे सरकतेच आहे!

दोन्ही मशीन घरच्या वायफायवर होती. जुन्याला वायफायचं डोंगल आहे. नावाने शोधल्यावर लॅपटॉपला जुन्या मशीनचा वायफायवरचा पत्ता मिळाला आणि फोटो राउटरकडून फिरून येत होते. अर्धा तास मी केबलीचं कौतुक करत बसले होते.

दोन्हीकडचं वायफाय बंद केलं. फोल्डर गायब. दोन्हीकडे आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड, मारून पाहिली. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. पत्ता वाटणारं कुणी भेटलं नाही की विंडोज स्वतःच असा एक घेतं. दोन्हीकडे असाच असता तरी चाललं असतं. पण बाबांच्या मशीनवर १९२.१६८.०.५ हा कायमचा टाकलेला, दुकानात प्रिंटर जोडला होता तेव्हाचा. एक मशीन एका गल्लीत, दुसरं भलत्याच गावात. म्हणून दोघांना एकाच गल्लीतले पत्ते दिले: जुन्याला १०.१०.१०.१, लॅपटॉपला १०.१०.१०.२, सबनेट मास्क (गल्ली केवढी ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (गल्लीबाहेरची वाट) रिकामा. पिंग मारलं, म्हणजे जुन्याला 'आहेस का?' असं विचारलं, तरी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', उत्तर नाही. थेट केबल म्हणजे विंडोजला अनोळखी नेटवर्क, आणि अनोळखी ते सगळं पब्लिक, म्हणून फायरवॉलने, विंडोजच्या राखणदाराने, दार लावलेलं. जुन्यावर पब्लिकसाठी फाइल शेअरिंग तेवढ्यापुरतं चालू केलं. पिंगला उत्तर आलं. फोल्डर या वेळी नावाने नाही, आकड्यानेच उघडला.

वेग सेकंदाला अकरा एमबी. वायफायपेक्षा बरा, पण अकरा बघून खटकलं. शंभर मेगाबिट भागिले आठ म्हणजे साडेबारा, थोडी गळती धरली की अकरा. नेटवर्कच्या स्टेटसमध्ये बघितलं तर खरंच १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). नेटवर्क कार्ड मात्र दोन्हीकडे गिगाबिट!

मोबाइलच्या टॉर्चमध्ये केबलीचा प्लग धरला. सात तारांचं तांबं सोनेरी पात्यांखाली पोचलेलं. आठवी, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडेच थांबलेली. शंभरला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला आठही तारा लागतात. त्यामुळे केबल चालत होती, पण अर्ध्या अंगाने.

खालच्या मजल्यावरचे काका सीसीटीव्ही बसवतात. त्यांनी ते टोक कापलं आणि परवचा म्हटल्यासारखं "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी" पुटपुटत नवा प्लग क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला. दोन मिनिटं. स्टेटसमध्ये १ जीबीपीएस. कॉपीचा वेग सत्तरच्या आसपास. त्यापुढे जुनी हार्ड डिस्कच दमते. दीड तासात सगळी लग्नं लागली.

बाबांनी पासवर्ड काढला नाही. विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.