अजाइल आले, करारनामा मात्र जुनाच राहिला

आमची कंपनी रत्नागिरीत आहे आणि तिचे काम मुख्यतः दोन प्रकारचे आहे: सहकारी पतसंस्थांचे हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर, आणि आंबा बागायतदारांना पेट्यांची रवानगी व दलालांकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) यांचा मेळ घालून देणारी प्रणाली. काही वर्षांपूर्वी आम्ही पारंपरिक पद्धत सोडून अजाइल पद्धतीकडे, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत करून ग्राहकाला वरचेवर दाखवत, बदलत जाण्याकडे वळलो. या बदलाविषयी जे लिहिले जाते त्यात रोज उभ्याउभ्या घ्यायच्या छोट्या बैठकीचे आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्यांचे वर्णन पुष्कळ असते. माझ्या मते त्या गोष्टी सर्वांत सोप्या आहेत; बदल अडतो तो पैसे केव्हा मिळतात आणि तयार झालेले काम ग्राहकापर्यंत पोहोचवायला किती खटाटोप करावा लागतो, या दोन ठिकाणी.

पारंपरिक पद्धत म्हणजे ज्याला वॉटरफॉल म्हणतात ती. सर्व गरजा आधी लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यायची, मग आराखडा, मग कोडिंग, मग चाचणी आणि सरतेशेवटी सुपूर्दगी. या पद्धतीचे जनकत्व ज्यांच्याकडे दिले जाते त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० सालच्या आपल्या निबंधात पायऱ्यांची ती आकृती काढली खरी. परंतु त्याच निबंधात, असे सरळ उतरत जाणे धोक्याचे आणि अपयशाला आमंत्रण देणारे आहे असेही त्यांनी लिहिले, आणि नवे सॉफ्टवेअर असेल तर ते एकदा छोट्या प्रमाणावर करून पाहावे, असा सल्ला दिला. पुढे जगभर आकृती तेवढी वापरली गेली.

आंब्याच्या कामात या पद्धतीचा तोटा लगेच दिसतो. हापूसचा भर मार्चपासून मेअखेरपर्यंत. पाऊस लागला की वाशीच्या बाजारातली त्याची आवक आटोपते. गरजा पावसाळ्यात लिहून घेतल्या, गणपतीनंतर कोडिंग सुरू झाले आणि चाचणी एप्रिलमध्ये रेंगाळली, तर बागायतदाराच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीच तयार होते. शिवाय मधल्या काळात गरज बदलते ती वेगळीच. २०१८ च्या ऑक्टोबरात कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नोंदणी केलेल्या बागायतदारांना त्याचा उल्लेख आपल्या पेटीवर व कागदपत्रांवर हवासा वाटू लागला. पावसाळ्यात सही झालेल्या कागदात ही गोष्ट येणार कुठून?

अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी लिहिला. कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, यांना त्यात अधिक मोल दिले आहे. करार, योजना आणि कागदपत्रे यांनाही मोल आहे हे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलेले आहे. कागद लिहिण्याचा कंटाळा असलेली माणसे ते वाक्य वाचत नाहीत, हा भाग निराळा. आम्ही अजाइलमधली स्क्रम ही पद्धत घेतली. तिच्यात काम ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत होते आणि अशा एका फेरीला स्प्रिंट म्हणतात; आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा ठरवला.

बैठका सुरू व्हायला वेळ लागला नाही. करारनामा मात्र जुनाच होता: पहिला हप्ता गरजांच्या कागदावर सही झाल्यावर, दुसरा कोडिंग पूर्ण झाल्यावर, उरलेली रक्कम सुपूर्दगीनंतर. त्यामुळे सकाळच्या बैठकीत बदलाचे स्वागत करणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापकाला दुपारी ग्राहकाला फोनवर सांगावे लागे, की हा बदल मूळ कागदात नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील. यात त्याचा दोष नव्हता. हप्ता अडकला तर पगार अडकणार होते. प्रत्यक्षात जुन्याच योजनेचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले जात होते आणि त्या तुकड्यांना स्प्रिंट म्हटले जात होते.

बागायतदारांच्या बाबतीत तोडगा लवकर निघाला. महिन्याला ठरावीक रक्कम, महिनाअखेर वापरता येईल असे काहीतरी हातात, पुढचा महिना घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवायचे, आणि नवे काम यादीत घालायचे असेल तर तेवढ्याच आकाराचे जुने काम बाहेर काढायचे. पहिल्याच यादीत आम्ही प्रतवारीचे आलेख वरच्या क्रमांकावर ठेवले होते. एका बागायतदार काकांनी ते बाजूला सारायला सांगितले. त्यांना एवढेच हवे होते की कोणत्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, पट्टीत किती दाखवल्या आणि पेटीला काय भाव लागला, हे एका पानावर दिसावे. ते पान हंगामाच्या आधी तयार झाले. आलेख अजून झालेले नाहीत आणि त्यांची कोणी आठवणही काढत नाही.

पतसंस्थांनी मात्र हा करार नाकारला, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. संचालक मंडळाला ठराव करण्यासाठी एक निश्चित आकडा लागतो, कारण तो खर्च त्यांना लेखापरीक्षकापुढे आणि वार्षिक सभेत मांडायचा असतो. शेवटी ठरावात कमाल रक्कम घालायची आणि तिच्या आत कामांचा क्रम मोकळा ठेवायचा, असे ठरले. हा क्रम ठरवणारा माणूस कोण, हा त्याहून अवघड प्रश्न होता. स्क्रममध्ये हे काम प्रॉडक्ट ओनरचे असते आणि नाही म्हणण्याचा अधिकार त्याला असावा लागतो. पतसंस्थेत व्यवस्थापक एक सांगतात, संचालक दुसरे, आणि मंडळाची बैठक महिन्यातून एकदा भरते. म्हणून एका व्यवस्थापकांना तसा लेखी अधिकार मंडळाकडून मिळवून घेतला. ज्या संस्थेने तो दिला नाही, तिथे स्प्रिंट नावापुरतेच राहिले.

दुसरी अडचण तांत्रिक होती. पतसंस्थांचे आमचे जुने सॉफ्टवेअर शाखेतल्या संगणकावर चालणारे. नवी आवृत्ती म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने दापोली, गुहागर, राजापूर करायचे, आणि पावसात वीज गेली की शाखेतच थांबून राहायचे. सुपूर्दगी इतकी महाग असली की ती वर्षातून एक-दोनदाच होते, साठलेले सगळे बदल तिच्यात कोंबले जातात आणि बिघाड झाला तर तो नेमका कोणत्या बदलामुळे झाला हे कळत नाही. दर दोन आठवड्यांनी काम पूर्ण करायचे असेल तर आधी हा खर्च खाली यायला हवा होता. रात्री आपोआप उतरून घेतली जाणारी आवृत्ती, आणि नको असल्यास एका कळीवर मागे जाण्याची सोय, यासाठी ग्राहकाला दाखवण्याजोगे नवे काही न करता बराच काळ घालवावा लागला.

चाचणीचेही तेच. पूर्ण प्रणाली हाताने तपासायला स्प्रिंटपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तो स्प्रिंट पूर्ण होणारच नाही. आम्ही सुरुवात व्याजाच्या हिशेबापासून केली: मागच्या, लेखापरीक्षण झालेल्या वर्षांतल्या ठेवी, कर्जे आणि पिग्मीची खाती, नावे काढून टाकून, कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवायची आणि उत्तर पैशापर्यंत जुळते का ते पाहायचे. माझ्या मते सगळ्या बदलात सर्वाधिक उपयोगी पडले ते हेच.

व्याजाचे नियम आणि ३१ मार्चची वर्षअखेर यांसाठी आम्ही आजही आधी पूर्ण कागद लिहितो आणि सही घेतो. अर्धवट व्याज कोणालाही वापरता येत नाही. मार्चमधल्या तक्रारींना स्प्रिंट लावत नाही. तिथे कानबान, म्हणजे कामे येतील तशी हाती घेऊन एका वेळी चालू कामांची संख्या मर्यादित ठेवण्याची पद्धत आहे आणि एका माणसाच्या हाती एका वेळी दोनच कामे असतात. गणपतीत अर्धे लोक गावी असतात, म्हणून त्या आठवड्यांत स्प्रिंट ठेवतच नाही. पूर्वीच्या वर्षभराच्या वेळापत्रकात ते दिवस दरवर्षी कामाचे म्हणून मोजले जात.

सरकारी निविदांची कामे जुन्या पद्धतीनेच घ्यावी लागतात, कारण निविदेतच टप्पे आणि रकमा ठरलेल्या असतात. तिथे बाहेर तेच कागद, त्याच सह्या. आत मात्र दर दोन आठवड्यांनी चालती आवृत्ती तयार होते, आणि संबंधित लिपिकांना ती दाखवायला आमच्यापैकी एकजण त्यांच्या कार्यालयात जाऊन बसतो. त्यांनी सुचवलेले बदल बहुधा लहान असतात, ते आम्ही करून टाकतो. मोठा बदल निघाला तर अजूनही साहेबांच्या पत्राची वाट पाहावी लागते.