अखेर मायक्रोस्कोप ठरला!
घरी फोटो काढायला साधा मायक्रोस्कोप घ्यायचाय, म्हणून आज मित्राकडचे दोन प्रत्यक्ष हाताळून बघितले आणि डोक्यातला बराच गोंधळ गेला. इतके दिवस मी २००० पट वगैरे आकडेच बघत होतो, पण ४० पटीच्या लेन्सचा एनए (लेन्स किती बारीक तपशील दाखवू शकते त्याचा आकडा) साधारण ०.६५ असतो आणि उपयोगी पट त्याच्या हजारपटीपर्यंतच, म्हणजे ६५० पटीच्या पुढे चित्र नुसतं मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. १० पटीचा आयपीस (डोळा लावतो ती लेन्स) आणि खाली ४, १०, ४० पटीच्या लेन्स, म्हणजे ४० ते ४०० पट, सुरुवातीला भरपूर झालं.

मॉसचं एवढंसं पान पाण्याच्या थेंबात ठेवलं, वर कव्हरस्लिप (पातळ काच), आणि ४०० वर हळूहळू फोकस फिरवत गेलो तर पेशींच्या भिंती आणि आत हिरवे गोल हरितकण, एकदम स्वच्छ! बघतच बसलो किती वेळ. पण मोबाईल हाताने आयपीसला धरला की जरा हललं तरी कडेला काळं येतं, त्यामुळे ट्रायनॉक्युलरच घेणार, त्यात दोन डोळ्यांच्या नळ्यांशिवाय कॅमेऱ्यासाठी वेगळी नळी मिळते. आणि मेकॅनिकल स्टेज (स्क्रू फिरवून स्लाइड सरकवायची सोय) हवीच, बोटाने स्लाइड सरकवली की ४०० वर सगळं गायब होतं. अख्खे किडे, फुलं बघायची असतील तर मात्र स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या, तो प्रकारच वेगळा.